पंख्याच्या पोटातली पोकळी

बाहेरून चांगला गुळगुळीत, ठणठणीत दिसणारा पितळी पंखा आतून पोकळ कसा निघतो? सांगा बघू. आम्हाला काही केल्या कळत नव्हतं आणि माझा तर जीव टांगणीला लागला होता. कारण तो पंखा (पाण्यात फिरून बोट पुढं ढकलणारा) माझ्या आईच्या बोटीचा होता. आई पुरात अडकलेल्या माणसांना सोडवून आणते. भर प्रवाहात पंखा तुटला तर?

शिरोलीच्या आमच्या ओतकामाच्या कारखान्यात बाबांनी दोन पंखे ओतले. दोन्ही क्ष-किरण तपासणीत नापास. दुसऱ्या वेळी तर बाबांनी आईसाठी म्हणून मधला गड्डा (जिथं सगळी पाती जोडलेली असतात तो भाग) मुद्दाम आणखी जाड केला होता. पोकळी उलट वाढली.

शेवटी सुलभाआत्या आली. ती धातूंची शास्त्रज्ञ.

"दादा, माया आहे ते ठीक, पण पितळेला माया कळत नाही," ती म्हणाली आणि तिनं संगणकातून टेबलावर हवेत साच्याचं चित्र उभं केलं. "हे सिम्युलेशन (खरं काम करण्याआधी संगणकात केलेली रंगीत तालीम). साच्याचे लाखो बारीक तुकडे पाडलेत. प्रत्येक तुकडा क्षणाक्षणाला शेजाऱ्याला विचारतो, तू गरम की गार? उष्णता गरमाकडून गाराकडे जाते. एवढाच हिशेब, पण लाखो वेळा."

चित्रात रस (वितळलेला धातू) शिरला. एका कोपऱ्यात तो उसळला आणि हवा अडकली. "इथून रस हळू सोडायला हवा," आत्या पुटपुटली. मग पाती निळी पडली, म्हणजे गोठली. गड्डा मात्र लालच.

"जाड आहे म्हणून तो उशिरा गार होतोय," मी म्हणाले.

"बरोबर. आणि गोठताना धातू आकसतो. ती जागा भरायला आणखी रस लागतो. तो कुठून येणार?"

"पाती तर आधीच गोठली. वाट बंद. म्हणून पोकळी होते!"

बाबांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे मीच ती वाढवली की."

आत्यानं चित्रातला गड्डा पुन्हा बारीक केला आणि त्याच्यावर रसाची एक जाडजूड टोपी बसवली. टोपी सगळ्यांत शेवटी गोठणार, तोवर गड्ड्याला रस पुरवत राहणार. पोकळी होईल ती टोपीत, आणि टोपी नंतर कापून टाकायची.

तसाच तिसरा पंखा ओतला. तपासणीच्या पडद्यावर गड्डा भरीव दिसला. मी पुन्हा पुन्हा बघितलं. बाबा चक्क रडले. खरं सांगायचं तर मीही रडले.

आईनं पंखा बोटीला लावला, पंचगंगेत प्रवाहाच्या उलट एक फेरी मारली आणि काठाला येऊन म्हणाली, "यंदा अगदी लांबच्या वस्त्यांपर्यंत जाता येईल."

दरवर्षी मी तिला जाऊ नकोस म्हणते. त्या दिवशी तसं म्हणाले नाही.