साचा घट्ट होईपर्यंत

१६ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळचे सहा वाजून पाच मिनिटे. तलावाच्या बांधावर धावण्यासाठी उभी असलेली माणसे: चार.

त्यांतल्या तिघांची ओळख शाळेच्या बाकापासूनची. दातांची डॉक्टर झालेली मैत्रीण. वडिलांची बेकरी चालवणारा आणि त्यामुळे ‘बिस्किट’ म्हणूनच ओळखला जाणारा मित्र. आणि सुट्टीसाठी आठ दिवस गावी आलेली भिंगरी. तिचे हे नाव आईने ठेवलेले. मुलगी पायाला भिंगरी बांधूनच जन्मली, असे आई म्हणे, आणि पुढे नोकरीनेही आईचेच म्हणणे खरे केले. पुलांची तपासणी करणाऱ्या फिरत्या पथकात ती अभियंता होती. हातात लहानशी हातोडी घ्यायची, काँक्रीटवर ठोकायचे, कान देऊन आवाज ऐकायचा, पोकळ वाटले तिथे खडूने खूण करायची. आणि दुसऱ्या दिवशी दुसरा गाव, दुसरा पूल.

चौथा मात्र नवा होता. डॉक्टरच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून तो कृत्रिम दात घडवीत असे.

“हा बत्तिशी,” बिस्किटने ओळख करून दिली. “गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचं हसू याच्या हातचं आहे. चावणंसुद्धा!”

“दिवसभर वाकून बसतो, पाठीचा कमान-पूल झालाय,” डॉक्टर म्हणाली. “म्हणून ओढून आणलाय. तू तपास आता.”

भिंगरीने नुसती मान हलवली. तिला उभे राहणे जमत नव्हते; बुटाच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या. कोणी ‘चला’ म्हणण्याआधीच ती सुटली.

या मंडळींच्या धावण्याला एक नियम होता. शाळेत असताना बिस्किट जाडजूड होता, नेहमी मागे पडे आणि एकटाच रडत येई. त्यावर तोडगा म्हणून ठरले होते, की जो सर्वांत पुढे असेल त्याने वळायचे, सर्वांत मागच्यापर्यंत यायचे, त्याला टाळी द्यायची आणि मगच पुन्हा पुढे जायचे. पुढे बिस्किट सडसडीत झाला, दोन मुलांचा बाप झाला. नियम मात्र तसाच राहिला.

त्याप्रमाणे भिंगरी बांधाच्या वळणावरून परतली. तलावावर विरळ धुके होते. त्यातून बत्तिशी येत होता— सावकाश, इमानाने, एकेक पाऊल हिशेबात धरल्यासारखा. त्याला नियमाची कल्पना नव्हती.

“परत आलात? काही विसरलं का?”

“हो. तुम्हाला.”

तिने हात पुढे केला, टाळी वाजली, आणि ती वळून निघूनही गेली. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आले ते बरेच पुढे गेल्यावर. कान तापले... ते धावण्यामुळे, असे तिने स्वतःला बजावले.

दुसऱ्या फेरीला तो तयार होता. “नियम कळला मला. चांगला आहे. मागच्याच्या फायद्याचा.”

“मुद्दाम हळू धावता की काय?”

“छे! माझी धाव एवढीच. लाज सोडून सांगतो.”

पुन्हा टाळी. त्याचा तळहात कोरडा, उबदार, बोटांच्या टोकांशी किंचित खरखरीत होता.

शनिवारी त्याने तिला एका आजोबांची गोष्ट सांगितली. पण कशी, तर तुकड्यांनी. पहिल्या टाळीला म्हणाला, “एक आजोबा कवळी परत घेऊन आले. म्हणाले, दात फार सरळ झालेत.” भिंगरी पुढे गेली, पण गोष्ट पायात अडकली. सरळ दातांबद्दल कोणी तक्रार करते का? लवकर वळायचे, तर आधी सर्वांच्या पुढे जायला हवे. तिने वेग वाढवला. बिस्किट ओरडला, “अगं, मागे कुत्रं लागलंय का?”

दुसऱ्या टाळीला: “म्हणाले, समोरच्या दोन दातांत पूर्वीसारखी फट ठेव.”

तिसऱ्या टाळीला ती धापा टाकीत होती. “फट... कशाला?”

“आजींना त्या फटीतून वाजवलेली शीळ आवडायची. लग्नाआधीपासून.”

“ठेवलीत?”

“ठेवली की. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा शीळ वाजली— आणि आजी दवाखान्यात लाजल्या.”

भिंगरी हसली, तोंड भरून. तो थबकलाच. क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग जे बोलला ते कोणत्याही प्रेमिकाने बोलू नये.

“तुम्ही झोपेत दात खाता.”

“काय?”

“सुळे झिजलेत तुमचे. दोन्ही बाजूंचे. रात्रभर कुणाशी भांडता?”

टाळी न देताच ती निघून गेली. घरी येऊन तिने आईला विचारले, तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “खातेस तर! काल रात्री तुझे बाबा उठून उंदीर शोधत होते.”

“मग मला कधी सांगितलं का नाहीस?”

“सांगणार कधी? चौथ्या दिवशी तर तुझी बॅग दारात असते.”

हे मात्र खोटे नव्हते. सुट्टी आठ दिवसांची असो की पंधरा, चौथा दिवस उजाडला की तिला घर टोचू लागे. तोवर गळका नळ दुरुस्त झालेला असे, माळा आवरलेला असे, आणि करण्यासारखे काही उरले नाही की ती बसची वेळ पाही. या वेळी तर मनात आणखी एक काटा होता. साहेबांनी विचारले होते: आणखी तीन वर्षे फिरते पथक, की इथून तासाभराच्या अंतरावरच्या विभागीय कार्यालयात कायमची जागा? मंगळवारी सकाळपर्यंत उत्तर हवे होते. असल्या प्रश्नाला ती एरवी जागच्या जागी ‘पथक’ म्हणून मोकळी झाली असती. या वेळी दोनदा लिहिले, दोनदा पुसले. आणि मग, उत्तर देता येत नाही तर निदान निघून तरी जावे, म्हणून मंगळवारी दहाच्या बसचे तिकीट काढले.

रविवारी धावताना तिने बत्तिशीला टाळी दिली आणि सांगून टाकले, “परवा जातेय मी.”

“सुट्टी तर शुक्रवारपर्यंत होती ना?”

“माझा जीव रमत नाही एका जागी.”

“हं...” धुक्यात त्याचे पाऊल चुकले.

थोडी पुढे धावणाऱ्या डॉक्टरने ते ऐकले. “जायचं तर खुशाल जा. पण उद्या सकाळी खुर्चीत येऊन बसायचं. रात्री दातांवर घालायचं कवच देते बनवून. अशीच झिजत राहिलीस, तर चाळिशीत बत्तिशीकडूनच कवळी घ्यावी लागेल.”

“सवलतीत देईन,” बत्तिशी म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीची गंमत नव्हती.

सोमवारी भिंगरी खुर्चीत आडवी झाली. डॉक्टरने वाटीत गुलाबी लगदा घोटला, साच्याच्या ताटलीत भरला आणि वरच्या दातांवर दाबून बसवला. पुदिन्याचा वास नाकात गेला.

“घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. बोलायचं नाही. त्रास झाला, तर हात वर कर. कळलं?”

“उं.”

बाहेर फोन वाजला. “बत्तिशी, जरा धरतोस? आलेच.” डॉक्टर गेली, आणि दार आपोआप बंद होणाऱ्यातले नसूनही बंद झाले.

त्याने ताटलीला बोट लावून आधार दिला. खिडकीतून येणारा उजेड त्याच्या चष्म्यावर पडला होता. भिंगरीचे पाय खुर्चीच्या टोकाशी अस्वस्थपणे हलत होते.

“तुम्ही परवा सांगितलंत,” तो हळूच म्हणाला, “पूल कसा तपासतात ते. ठोकायचं आणि ऐकायचं. आज मी ठोकून बघतो. तुम्हाला बोलता येणार नाही, पळता येणार नाही, हे ठाऊक आहे मला... म्हणूनच बोलतोय. एरवी माझं वाक्य अर्ध्यावर येईतो तुम्ही बांधाच्या दुसऱ्या टोकाला असता.”

“उं?”

“नको असेल तर हात वर करा. तिथेच गप्प बसेन. कवच तरीही उत्तमच बनवीन.”

तिचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता.

“मला तुम्ही फार आवडता.” त्याने श्वास घेतला. “राहा, असं मी म्हणणार नाही. भिंगरी धरून ठेवली की तिची भिंगरी राहत नाही, एवढं मला कळतं. पण कुठेही गेलात, तरी वळाल ना कधीतरी? वळलात, की शेवटच्यापर्यंत या. शेवटचा मीच असेन— तेवढं मला नक्की जमतं.”

तिचे पाय थांबले होते. कधी थांबले, ते तिलाच कळले नाही. दांड्यावरच्या हाताची बोटे उघडली, मिटली. हात वर गेला नाही.

डॉक्टर परतली, ताटली सुटली. बत्तिशीने भिंगरीकडे न पाहता साचा उजेडात धरला. “छान आलाय. एकही बुडबुडा नाही.” त्याचे कान साच्याच्याच रंगाचे झाले होते.

आणि भिंगरीने काय करावे? चूळ भरली, तोंड पुसले, आणि आता बोलायला तोंड मोकळे झाले असताना— पळाली.

घरी तिने बॅग भरली. मग उपसली. मग पुन्हा भरली. येता-जाता भिंतीवर बोटाने ठोकीत राहिली.

“ठोका, ठोका,” बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. “उंदीर राहू द्या, आता घरच पाडून जा.”

“काय शोधतेस बॅगेत?” आईने विचारले.

“काही नाही.”

“मग सापडेल.”

मंगळवारी बांधावर पुन्हा चौघे जमले. बत्तिशीने तिच्या हातात लहानशी डबी ठेवली. “कवच. रात्री जागून केलं, असं समजू नका. नऊलाच झोपलो. झोप मात्र लागली नाही.”

तिने डबी खिशात घातली. डॉक्टर म्हणाली, “चला!” बिस्किट सुटला, डॉक्टर सुटली. भिंगरी जागची हलली नाही.

बत्तिशी चार पावले जाऊन थांबला. “काय झालं? पाय दुखावला?”

“नाही. आज शेवटची मी.”

“तुमच्याहून पुढे जायला मला जमायचं नाही हो. सवय नाही.”

“मग नका जाऊ.”

दोघे शेजारीशेजारी धावू लागले. त्याला धावणे म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय होता. बांधाच्या वळणावरून बिस्किट तोंड वाकडे करीत परतला, दोघांना दोन टाळ्या दिल्या आणि म्हणाला, “नियम माझ्यासाठी केला होता, माझ्याविरुद्ध नाही! आणि काल दवाखान्यात फोन मीच केला होता. निदान त्याची तरी जाण ठेवा!”

तो पुढे गेल्यावर भिंगरी म्हणाली, “काल मी हात वर केला नव्हता.”

“पाहिलं मी.”

“मग काही बोलला का नाहीत?”

“तुम्ही थांबलात कुठे?”

तलावावर एक पाखरू उतरले, पाणी हलले, पुन्हा स्थिर झाले.

“साहेबांना कळवलं आज पहाटे,” ती म्हणाली. “विभागीय कार्यालय. दर शनिवार-रविवार घरी. दहाचं तिकीटही रद्द केलं... तुझ्यासाठी नाही हं.”

तो ‘तुझ्यासाठी’ त्याने ऐकला. ऐकल्याचे त्याच्या पावलांवरून कळले. “मग कशासाठी?”

“दातांसाठी. झिजलेत ना?”

“फार. दर आठवड्याला बघावे लागतील.”

“आणि दुसरं... मलाही आवडतोस तू. कालच सांगणार होते. तोंडात लगदा होता.”

“काढल्यावर?”

“काढल्यावर भीती होती.”

त्याने टाळीसाठी हात पुढे केला. तिने टाळी दिली, पण या वेळी हात मागे घेतला नाही. बिस्किट आणखी दोनदा त्यांना घ्यायला आला. तिसऱ्यांदा आला नाही. बांधाच्या टोकाशी डॉक्टर घड्याळ पाहत उभी होती, आणि तिने वेळ मोठ्याने वाचली.

पाच किलोमीटर: एक तास अठरा मिनिटे.