धरून ठेवायचं बटण

मुकादम दगडोबा खडी क्रशरच्या जबड्यात अडकलेला दगड काढायला उतरला, गेलेली लाईट आली, आणि दगडोबा शिडीनं वर न येता खडीबरोबर खालच्या पट्ट्यावरून बाहेर आला.

तामलवाडीच्या पंचक्रोशीत ही हकीकत सगळ्यांना पटली. तिथं ज्याच्या त्याच्या विहिरीवर ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते. मालक झोपेत का असेना. तपासाला आलेल्या फौजदारांच्या शेतातही ऑटोच होता, त्यामुळं त्यांचा तपास चहा निवायच्या आत संपला.

ऑपरेटर शिवशंकर मेन स्विच पाडायला विसरला, असं ठरलं. त्यानंही "व्हय, इसरलो" म्हणून सांगून टाकलं. निष्काळजीपणाचं कलम लागलं आणि तो आत गेला.

मग त्याची बायको शिवकन्या धाराशिवला तारामतीबाई वाकुरेंच्या ऑफिसात आली.

तारामतीबाई खाजगी गुप्तहेर. आधी विम्याच्या कामात होत्या. कुठलं दुकान आपोआप जळालं आणि कुठलं मालकाच्या सोयीनं, हे राखेकडं बघून सांगायच्या. त्यांच्या हाताखाली रामहरी मास्तर, निवृत्त पी.टी. शिक्षक. त्यांच्याकडं दोन कामं होती : जीप चालवणं आणि वेळोवेळी चकित होणं. पहिलं ते बरं करत.

"माझा मालक इसरणारा न्हाय, बाई," शिवकन्या म्हणाली. "घरातला गॅस बंद हाय का, ते अंथरुणातनं उठून बघून येतो. शेजाऱ्याचाबी बघून येतो. त्याच्यावर हा डाग नको."

"उद्या जामीन व्हायचाय म्हणता ना?"

"व्हय. क्रशरच्या रेवणसिद्ध शेठनं वकील दिलाय. लई भला माणूस. पर जन्मभर लोक म्हणणार, ह्याच्या वेंधळेपणानं माणूस मेला. खरं काय ते काढा."

"खरं एकदा काढलं की परत आत घालता येत नाही, शिवकन्या."

"काढा," ती म्हणाली. रामहरी मास्तरांना तिचा फार अभिमान वाटला. मास्तरांना बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी अभिमान वाटे.

क्रशर बंद होता. मालक रेवणसिद्ध केबिनमध्ये कपाळाला भस्म लावून बसले होते.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "आठवडा झाला, माल निघाला नाही."

तारामतीबाईंनी दगडोबाचं नावसुद्धा काढलं नाही. "शेठ, माझ्या भावाला क्रशर टाकायचाय. मोटर कुठली घ्यावी?"

मास्तर चकित झाले. बाईंना भाऊ नव्हता. पण रेवणसिद्धांचा चेहरा उजळला. माणसांविषयी ते जपून बोलत. मोटरविषयी बोलायला लागले की त्यांचा गळा भरून येई.

"हे बघा ताई. लहान मोटर थेट लाईनवर टाकली तरी चालतं. मोठी टाकली, की ती उठताना इतका करंट ओढते की गावातले दिवे मान टाकतात. मग लोक स्टार-डेल्टा घेतात, आधी स्टारमध्ये अर्ध्या जोरावर उठवायची, मग डेल्टात पूर्ण. स्वस्त पडतं. पण स्टारमध्ये मोटरला जोर नसतो, आणि आमच्या जबड्यात आधीच दगड असतात. ती नुसती कण्हत बसते."

"आणि तो नवा सॉफ्ट स्टार्टर?"

"हळुवार आहे. इतका हळुवार की तुमचं आमचं वजन उचलत नाही. इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह चांगला, पण ही धूळ त्याला महिन्यात गिळते. म्हणून मी जुन्या पद्धतीची स्लिपरिंग मोटर घेतली. तिला हँडल असतं. एकेक घर पुढं ढकलायचं, तसतशी मोटर चढत जाते. जोर पूर्ण, धक्का नाही. या, दाखवतो."

पॅनेलच्या खोलीत खिडकीशी लोखंडी पेटी होती. काचेतून समोर क्रशरचा जबडा दिसत होता.

"जबडा दिसला पाहिजे ना, म्हणून खिडकी," रेवणसिद्ध म्हणाले. "डाव्या हातानं हे बटण दाबून धरायचं. उजव्यानं हँडल. हँडल शेवटच्या घराला टेकलं की बटण आपोआप धरलं जातं. तोवर सोडलं, की मोटर गप. मग हँडल पार मागं आणायचं आणि पहिल्यापासून."

"मेन लाईट गेली, तर?"

रेवणसिद्धांनी पेटीवरची धूळ पुसली. "चहा घेऊ या की," ते म्हणाले.

चहाला डंपरवाला शरणप्पा होता. दगडोबा मेला तेव्हा तो केबिनमध्ये शेठांसमोरच बसला होता.

"लाईट आली, हा पंखा फिरला," तो म्हणाला. "आमी दुसरा चहा सांगितला. तो आला, पिऊन झाला. मग मोटर गुरगुरली. मग दगडोबा वरडला. म्या शेठकडं बघितलं, शेठ माझ्याकडं. आन मग आवाज चढत चढत गेला, रोजच्यावाणी. दगडोबाचा न्हाय. मोटरचा."

"दिवे मिणमिणले?"

"छे. जराबी न्हाय."

फाटकावर शिवशंकरचा धाकटा भाऊ बिरदेव राखणीला होता. त्याची डावी बाही कोपरापाशी गाठ मारून बांधलेली. गेल्या साली हात पट्ट्यात गेला होता. दगडोबानं न बघता मोटर सुरू करायला लावली, तेव्हा.

"त्या वेळी बाहेरचं कोण आलं होतं का रे आत?" बाईंनी विचारलं.

"चिटपाखरू न्हाय. कामावरची माणसंबी लाईट गेली म्हणून घरी जेवायला गेली होती. म्या हितंच होतो."

"आणि भाऊ?"

"दादा पाणी प्यायला गेला होता." बिरदेवनं हे पाठ केल्यासारखं सांगितलं.

"दगडोबा कसा माणूस होता?"

"गमत्या होता," बिरदेव म्हणाला. "रोज सकाळी हात पुढं करून म्हणायचा, 'बिरू, टाळी दे.' मी एक हात दिला की म्हणायचा, 'तसं न्हाय, वाजवून दाखव.' समदी हसायची. पगार वाटायच्या दिवशी तर सगळ्यांना गोळा करायचा."

"आणि तुझा दादा?"

"तोबी हसायचा. त्याला जरा उशिरा हसू यायचं."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आधी, तारामतीबाईंच्या विनंतीवरून, फौजदार शिवशंकरला क्रशरवर घेऊन आले. केबिनमध्ये रेवणसिद्ध, बिरदेव, शिवकन्या सगळे होते. शिवकन्येनं नवऱ्यासाठी धुतलेला सदरा आणला होता.

"फौजदारसाहेब, ही विहिरीवरची मोटर नव्हे," बाई म्हणाल्या. "लाईट आली म्हणून ही सुरू होत नाही. तिला कुणीतरी एका हातानं बटण धरून, दुसऱ्या हातानं हँडल ढकलावं लागतं. स्विच विसरला असता तरी ती मुकाट पडून राहिली असती. शिवशंकर काही विसरले नाहीत."

शिवकन्येनं सगळ्यांकडं बघितलं. "बघा! म्या म्हणलं न्हवतं?"

"मग ह्यानं कबूल का केलं?" फौजदार म्हणाले.

"तेच मला खटकलं. मोटर जाणणाऱ्या माणसानं होऊच न शकणारी चूक कबूल केली. ह्या चुकीच्या आड काहीतरी मोठं असणार."

मास्तरांनी शिवकन्येच्या हातातल्या सदऱ्याकडं बघितलं. त्यांना पहिल्यांदाच बाईंनी सांगायच्या आधी कळलं होतं, आणि ते नको होतं.

"लाईट आल्यावर लगेच मोटर लागली नाही. चहा पिऊन झाला, मग लागली. आवाज नेहमीसारखा सावकाश चढला, दिवे मिणमिणले नाहीत. म्हणजे हँडल कुणीतरी घराघरानं, सराईतपणे ढकलत होतं. शेठ आणि शरणप्पा समोरासमोर होते. बाहेरचं कुणी आलं नाही."

"म्या केलं!" बिरदेव ओरडला. "साहेब, दादाला सोडा. म्या मारलं त्याला."

"दुसऱ्या कुठल्या हातानं?" तारामतीबाईंनी विचारलं.

बिरदेव खाली बसला.

"चुकून लागली असंल," शिवकन्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "दगडोबा आत हाय हे दिसलं नसंल."

"खिडकीतून जबडा दिसतो. आणि दगडोबा आधी ओरडला, मोटर नंतर चढली. बटण सोडलं असतं तर ती तिथंच थांबली असती. प्रत्येक घराला सोडता आलं असतं. शेवटच्या घरापर्यंत कुणी सोडलं नाही." बाई रेवणसिद्धांकडं वळल्या. "तुम्हाला हे पहिल्याच दिवशी माहीत होतं, शेठ."

"खून म्हणलं असतं तर क्रशरला सील लागलं असतं," रेवणसिद्ध म्हणाले. "पंधरा घरं जगतात ह्याच्यावर. निष्काळजीपणात सगळ्यांचं भागत होतं. मेलेला तर मेलाच होता."

फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "सोडता आलं असतं की रे, शिवशंकर."

"व्हय," शिवशंकर म्हणाला. "बटण कडक हाय. अंगठा लई दुखला."

 फौजदारांनी शिपायाला वकिलाला फोन लावायला सांगितलं : जामीन आज नाही, कलम बदललंय.

बिरदेव जमिनीकडं बघत म्हणाला, "वहिनी, दादानं मला निरोप दिला होता. सुगीला घरी येतो म्हणला. तेवढं शिवकन्येला गप बसव म्हणला. मला वाटलं, सांगितलं तर तू रडशील."

शिवकन्या सदरा हातात घेऊन उभी होती. मग ती फौजदारांच्या खुर्चीपाशी गेली आणि अगदी समजुतीच्या सुरात बोलायला लागली.

"साहेब, बाईंचं काय ऐकता? आमचे हे लई इसरभोळे हायेत. हात कुठं ठिवलाय त्येबी ध्यानात न्हाय ऱ्हात त्यांच्या. माझ्यापेक्षा कुणाला म्हाईत? लिवून घ्या, साहेब. बायको सांगतीया म्हणून लिवा."

फौजदार लिहीत होते. पण ते दुसरंच काही लिहीत होते.