सुई चालू असताना

दार ढकलून तो आत आला आणि सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरचं चित्र फाटलं.

“हलू नका,” ती मागे न बघता म्हणाली. “सुई चालू आहे.”

तो शेजारच्या खोलीतला पंप दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. एक पाय जमिनीवर, दुसरा अधांतरी. बराच वेळ गेला.

“मॅडम... पाऊल खाली ठेवू का?”

तिने वळून पाहिलं. हत्यारांची पिशवी छातीशी धरून तो बगळ्यासारखा उभा होता. ती हसली — आणि चित्र पुन्हा हललं.

“हे मात्र माझ्या नावावर नको,” तो म्हणाला.

मग तो येत राहिला, बूट दाराबाहेर काढून. रेणूंवरून फिरत त्यांचं चित्र काढणारी ती सुई आवाजानेही हलायची; म्हणून ती चालू असताना बोलायचं नाही, ही त्या प्रयोगशाळेची रीत. त्यामुळे दोघं आधी शेजारी गप्प बसायला शिकली, बोलायला नंतर.

सुई थांबली की ती समजावायची. तांब्याच्या चकतीवर रेणू पसरायचे, हलकी ऊब द्यायची. ते एकमेकांचा हात धरतात. चुकीचा असेल तर सोडतात, दुसरा शोधतात. जाळं नीट विणलं गेलं की मगच शेवटचा, कडक उष्णतेचा ताव. त्यानंतर बंध सुटत नाही.

“आणि घाई केली तर?”

“चूकच पक्की होते.” ती थांबली. “माझं लग्न तसंच झालं होतं. उरकलं म्हण. सुटायला वर्षं गेली.”

त्याचं गप्प बसणं तिला आता वाचता येत होतं.

पंप सुरू झाला, त्या दिवशी त्याने विचारलं, “पुढचं काम दुसऱ्या गावी आहे. जाऊ... की तुझ्यासाठी थांबू?”

“आज विचारू नकोस.”

“म्हणजे नाही?”

“म्हणजे आज विचारू नकोस.”

तो गेला. पण दर सुट्टीला प्रवास करून यायचा, मोजे घालून शेजारी बसायचा. पुन्हा विचारलं मात्र नाही.

आधीची जाळी शेवटच्या तावात विस्कटली होती. या वेळी ताव देण्याआधी तिनेच त्याला बोलावून घेतलं.

ताव देऊन झाल्यावर सुई फिरू लागली आणि ओळीमागून ओळ चित्र उतरत गेलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं. एकही बंध तुटलेला नाही. तिने वळून पाहिलं. तो उंबरठ्यावर उभा होता, एक पाय अधांतरी.

“ठेवू का?” त्याने नुसते ओठ हलवले.

सुई अजून चालू होती.

“ठेव,” ती मोठ्याने म्हणाली. “आणि परत उचलू नकोस.”

पडद्यावरचं चित्र थरथरलं. जाळं होतं तिथेच होतं.