पायरीवरचा तांब्या

पौषातली खंडोबाची जत्रा भरली, तसा नळदुर्गात तंबूचा सिनेमाही आला. महालिंगप्पाला सिनेमाचा भारी नाद. पण पडद्यावर कुणी मरायला टेकलं की म्हाताऱ्याची छाती धडधडायची, म्हणून तो शेवट आधीच विचारून घ्यायचा. सून गायत्री हसायची. "मामा, तुम्ही जेवायच्या आधीच ढेकर देता."

त्या सकाळी गायत्री नळावर गेली होती. तिचा नवरा शंभुलिंग ट्रक घेऊन हैदराबादच्या वाटेला गेलेला, तो अवचित पायरीवर येऊन बसला. महालिंगप्पानं त्याला चहा दिला. प्रवासातून आलेल्याच्या पायावर पाणी पडल्याशिवाय त्यानं उंबरा ओलांडायचा नाही, ही घरची रीत. बोलण्याच्या नादात म्हातारा कोनाड्यातला तांब्या काढून पाणी द्यायला विसरला. शंभू आत आला नाही.

"तंबूतला सिनेमा बघा, अप्पा. उडणारा गडी हाय. पडता पूल पाठीवर धरतो, समदी माणसं पार व्हत्यात, अन् त्यो नदीत जातो."

"मरतो?"

"भिऊ नका. सांजच्याला घरी येतो. बाप दार उघडतो. संपला सिनेमा." उठताना तो म्हणाला, "गायत्रीला सांगू नका. म्याबी सांजच्यालाच येतो."

दुपारच्या खेळाला सासरा-सून सतरंजीवर बसली. गडी ढगातून उतरला की महालिंगप्पा मांडीवर थाप मारायचा. पूल वाकला तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले, आणि हा मजेत शेंगा फोडत होता. शेवटी पडद्यावर दार वाजलं. बापानं कडी काढली. सगळा तंबू शिट्ट्यांनी दणाणला. ठाऊक असूनही म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

एकच गोष्ट त्याला खटकली. नदीतून आलेल्या पोराचे कपडे कोरडे होते.

बाहेर पडताना गायत्री म्हणाली, "आज भ्याला न्हाईत तुम्ही. शेवट कुणी सांगितला? हा सिनेमा तर आज पहिल्यांदा लागलाय."

"शंभूनं. सकाळी पायरीवर."

गायत्री थांबली. "मामा, ते हुमनाबादला हाईत. ट्रक बंद पडलाय, दुपारी फोन आलता त्यांचा. सकाळधरनं गॅरेजातच बसलेत."

घरी आले तेव्हा सकाळचा कप पायरीवर तसाच होता. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

महालिंगप्पानं कपाला हात लावला नाही. गायत्री आत-बाहेर करून आली, तिनं दिवा लावला. त्यानं दाराला कडी घातली आणि शंभूला फोन लावला.

"असं काय बोलता, अप्पा? म्या कवा आलतो?" मागं हातोडीचे घाव ऐकू येत होते. "म्या उद्या निघतो."

पोरगा जिवंत होता. म्हाताऱ्याला हायसं वाटलं. मग त्याची नजर रिकाम्या कोनाड्याकडे गेली.

"गायत्री, तांब्या कुठाय?"

"पायरीवर. आल्या आल्या भरून ठेवला. ट्रक सुधरला तर ह्यांच्या येण्याचा काय नेम?"

बाहेर पाणी ओतल्याचा आवाज आला. आधी एका पायावर. मग दुसऱ्या.

तांब्या खाली ठेवला गेला.

फोनमधून शंभू विचारत होता, "अप्पा, ऐकू येतंय का?"

"अप्पा," दाराबाहेरून तोच आवाज आला, "शेवट तर तुमाला ठाऊक हाय."

महालिंगप्पानं खाली पाहिलं. त्याचा हात कडीवर होता. कडी अर्धी निघाली होती.