डावी बाही

ज्या वर्षी धाकट्या लेकीचं लग्न होऊन ती समुद्रापलीकडे गेली, त्या वर्षी म्हातारा शिंपी घरात एकटा उरला. बायको आधीच गेली होती. हात थरथरू लागल्यापासून दुकानही बंद होतं. निघताना लेकीनं स्पिरिटच्या शाईच्या मार्करांची पेटी टेबलावर ठेवली.

"बाबा, हात रिकामे ठेवू नका. रिकामे हात माणसाला खातात."

कातरीला जी थरथर चालत नव्हती, ती मार्करला चालायची. ओल्या शाईत ओली शाई मिसळली की थरथर दिसेनाशी व्हायची. त्यानं तरुणपणी बेतलेले कोट कागदावर काढायला घेतले. रुंद कॉलरचे, बटणांच्या दोन रांगांचे, खाली घोळदार विजार. करड्यावर करडा असे तीन हात दिले की लोकरीची वीण उठायची. दुपारचं जेवण झालं की खिडकीशी बसायचं आणि चारला टोपणं लावायची.

रविवारी लेक फोनवर चित्रं बघायची.

"तुमचे हे साहेब निघालेत तरी कुठे? एकाच्या तोंडावर हसू नाही!"

"हसलं की कॉलर सरकते," तो म्हणायचा.

ही शाई कागदातून खाली झिरपते, म्हणून चित्राखाली एक जादा कागद ठेवावा लागतो. त्यावर नुसते ठिपके पडतात. थंडी सुरू झाली त्या सुमारास एका दुपारी त्यानं चित्र उचललं, तर खालच्या ठिपक्यांतून एक खांदा दिसत होता. वरच्या चित्रातल्या माणसाचे खांदे सरळ होते. हा डावा खांदा अर्धं बोट उतरलेला होता.

त्या खांद्याला टेप लावायची गरज नव्हती. तो दादाचा होता.

दोघा भावांचं एकच दुकान होतं. दादा मापं घ्यायचा, हा बेतायचा. दादाच्या कोटात डावीकडे कापसाचा एक थर जास्त घालून तो उतार हाच झाकायचा. तिसऱ्या कुणाला पत्ता नव्हता. एकदा माप चुकल्यावरून जुंपली आणि भर गिऱ्हाइकांत याच्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्यांची मापं काय घेतोस? आधी स्वतःचा खांदा सरळ कर!" दादा तेव्हा आरशासमोर स्वतःचाच नवा कोट घालून बघत होता. कोट कच्च्या टाक्यांवर होता आणि एकच बाही जोडलेली होती. तो तसाच दुकानाबाहेर पडला. त्याला बेचाळीस वर्षं झाली. पत्रांना उत्तर आलं नाही. डावी बाही मागे राहिली, ती ट्रंकेत कागदात गुंडाळून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं खाली कोरा कागद घातला. कालचे ठिपके जिथे थांबले होते, तिथूनच पुढे सुरू झाले. मान आली. पाठ आली. मग कोट. डावा हात उघडा होता आणि अंगापासून थोडा लांब धरलेला, बाही चढवून घ्यायला माणूस धरतो तसा.

त्याला भीती वाटली नाही. त्यानं दुसरी खुर्ची खिडकीशी ओढली.

"आलास? बस," तो म्हणाला. कित्येक दिवसांत त्या खोलीत कुणाला बस म्हटलं गेलं नव्हतं.

काय करायला हवं ते त्याला कळत होतं. पण दादाच म्हणायचा, "शेवटची बाही लागली की गिऱ्हाईक आपलं राहत नाही रे, छोट्या." म्हणून तो रोज दुसऱ्याच कुणाचा कोट रंगवायचा, खालच्या कागदाशी बोलायचा आणि उठताना म्हणायचा, "उद्या जोडतो."

असे सहा आठवडे गेले. खालचा खांदा दर दिवशी आणखी उतरत होता. हात मात्र तसाच धरलेला होता. बोटं ताठली होती.

एका मंगळवारी ते त्याला बघवेना. त्यानं नवा कागद घेतला आणि फक्त एक बाही काढली. कापसाचा थर दिला नाही. खांदा जसा होता तशीच बेतली.

"माझंच चुकलं, दादा."

घड्याळात चार वाजले. त्यानं टोपण लावलं, कागद उचलला.

खालचा कागद कोरा होता. आता लावलेली शाईसुद्धा झिरपली नव्हती.

गुरुवारी फोन वाजला. आवाज अनोळखी होता.

"काका, मी तुमचा पुतण्या. बाबा गेले. दीड महिना पडून होते. डावा हात पांघरुणाबाहेर धरून ठेवायचे, आत घेऊ द्यायचे नाहीत. गेले तेव्हा तो जुना कोट घालून खुर्चीत बसलेले सापडले."

त्यानं खिडकीशी ओढलेल्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं.

"काका, तुम्ही येऊन गेलात का? त्या कोटाला एकच बाही होती. आता दोन आहेत. आणि डावीला स्पिरिटसारखा वास येतोय."

फोन ठेवून त्यानं ट्रंक उघडली. कागदाची घडी तशीच होती, दोराही तसाच बांधलेला. आत नुसते कच्च्या टाक्यांच्या दोऱ्याचे चार तुकडे होते.

दादा वारला मंगळवारी, दुपारी चार वाजता.