सातवा पाळणा

कौंडण्यपूरच्या जत्रेतला आकाशपाळणा तपासायला मी दुपारी बाराला पोहोचले. संध्याकाळी सहापासून लोक बसणार होते, आणि माझी सही झाल्याशिवाय पाळणा सुरू करता येत नाही. सरकारच्या या कामात माझा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नाही, हे मी स्वतःच सांगून टाकते.

पाळणेवाला सहदेव पन्नाशीचा, अबोल माणूस. मी त्याला नदीची वाळू पोत्यांत भरायला लावली. बारा पाळणे आणि प्रत्येकात वीस किलोची तीन पोती, म्हणजे एका धडधाकट माणसाचं वजन. सगळीकडे भार सारखा असला की ब्रेक सोडला तरी चाक जागचं हलत नाही. साधी गोष्ट आहे, पण तिथे कोणाची लबाडी चालत नाही.

ब्रेक सोडला. मोटार बंद होती. चाक क्षणभर थांबलं आणि मग हळूच फिरायला लागलं... कुरकुरत सात नंबरचा पाळणा खाली आला आणि माझ्यासमोर थांबला. पुन्हा फिरवलं, पुन्हा सातच. पोती काट्यावर घातली, सगळी सारखी. पाणसळ लावली, पाया सरळ. नदीकडून वारा नव्हता, देवळाकडचा भोंगाही बंद झाला होता. वंगणाच्या आणि ओल्या वाळूच्या वासातून मला केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास आला. मी काम चालूच ठेवलं.

सहदेव जवळ आला. आवाज अगदी खाली.

"म्याडम, सातव्यात पोते नोका ठेवू. मी त्यात कोणालेच बसवत नाई."

"काहून?"

"त्याच्यात आधीच कोणी बसून हाये..."

मी हसले. सातव्यातली तिन्ही पोती काढायला लावली. आता ती बाजू हलकी होऊन वर जायला हवी होती. चाक जिथे सोडलं तिथे उभं राहिलं. चार वेळा पाहिलं, चारही वेळा उभं राहिलं.

पाळणा कोणाकडून घेतला, असं मी विचारलं. तिवस्याकडच्या एकाकडून, दोन वर्षं झाली, तो म्हणाला. त्याच्या थोडं आधी तिवस्याजवळच्या जत्रेत याच पाळण्याच्या दाराचा खटका उघडून ललिता नावाची बाई वरून पडून गेली होती. सातव्या पाळण्यातून.

त्या परवानगीवर सही माझी होती. मी तेव्हा निवडणुकीच्या कामावर अडकले होते. पाळणेवाल्याने बाराही खटक्यांचे फोटो फोनवर पाठवले, ते पाहून मी जागेवरूनच सही केली. फोटोत सातवा खटका लागलेला दिसत होता. चौकशीत कागदपत्रं बरोबर निघाली आणि मी सुटले. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

या वेळी मी परवानगी नाकारली. सरपंचांचा फोन आला, लोक चिडतील म्हणाले. चिडू द्या, म्हटलं, माणसं घरी तर जातील. सहदेवने वाद घातला नाही. उलट हात जोडले.

फाइल आणि पर्स मागच्या सीटवर टाकून मी एकटीच निघाले. गाव मागे पडलं आणि गाडीत टिक टिक सुरू झाली. शेजारी बसलेल्या माणसाने पट्टा लावला नाही की ही गाडी असं वाजते. शेजारची सीट रिकामी होती. हात फिरवून पाहिलं... काही नाही. आवाज वाढत गेला.

मी गाडी कडेला घेतली आणि तो पट्टा ओढला. रिकाम्या सीटवरून तो सरळ यायला हवा होता. मध्येच अडला, वळसा घेऊन आला. मी खटका बसवला, दोनदा ओढून पाहिला. आवाज थांबला.

"ललिताबाई, नीट बसलात ना?" मी विचारलं.

अमरावती येईपर्यंत तो पट्टा सीटला टेकला नाही.