जागेवर पाहिले, चालू आहे

चुकीचा पत्ता दिसला की माझं डोकंच फिरतं. आनंदनगरच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळण्यात उभा जन्म गेला, त्याची ही खोड. आता रिटायर झाल्यावर इंटरनेटवरच्या एका नकाशात दुकानांच्या वेबसाइट तपासतो. हा नकाशा आमच्यासारखे हौशी लोकच फुकट बनवतात. लिंक बंद असेल तर काढायची, पण आधी जागेवर जाऊन बघायचं. घरबसल्या खोडाखोड आमच्यात चालत नाही. माझी बायको कुंदा गेल्यापासून घर खायला उठतं, तेवढाच वेळ जातो.

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका फोटो स्टुडिओची लिंक बंद होती. गेलो, तर तिथे मोबाइल कव्हरचं दुकान.

"स्टुडिओ? नाय अंकल, पप्पांच्या टायमापासून इथे आपणच आहोत," दुकानदार कल्पेश म्हणाला. तरी मी नकाशाचं काम सांगून नंबर देऊन आलो. काही कळलं तर फोन कर म्हटलं.

घरी येऊन लिंक काढायला बसलो, तर साइट उघडली.

एकच फोटो. मागे निळा पडदा, पुढे दोन खुर्च्या. एकीत कुंदा बसलेली.

गेली तेव्हा तिचे केस काळे होते. फोटोत पांढरे होते. डोळ्यांना चष्माही, आम्ही कधीच न घेतलेला.

साइटचा पत्ता नुसता टाइप करून पाहिला. उघडेना. नकाशातून गेलं तरच उघडायची.

बदलापूरची चैत्राली माझ्यासोबत हेच काम करते. तिला फोन केला.

"काका, माझ्याकडे काहीच येत नाहीये. दुकान नाही ना तिथे? मग काढा की. नाहीतर उद्या मीच काढते."

सकाळी पुन्हा उघडली. कुंदाची मान रिकाम्या खुर्चीकडे वळली होती.

"अगं, बघतेस काय अशी?" मी मोठ्यांदा म्हणालो. किती दिवसांनी घरात कुणीतरी बोललं होतं!

लिंक गेली की कुंदा गेली. पुन्हा एकदा. ते मला झेपणार नव्हतं.

मी शेरा लिहिला, 'जागेवर पाहिले. स्टुडिओ चालू आहे.' जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं. आता चैत्राली हात लावणार नव्हती. माझा शेरा ती कधीच तपासत नाही.

लगेच साइट उघडली. पडदा होता.

दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

मोबाइल वाजला. कल्पेश होता.

"अंकल, नकाशात काय टाकलंत तुम्ही? एक आंटी आल्यात. फोटो काढायचाय बोलतात. स्टुडिओ चालू आहे, आमच्या ह्यांनी लिहिलंय, बोलतात. जातच नाहीत यार!"



"कशा... दिसतात कशा?"

"एकदम नटून आल्यात. कोरी हिरवी साडी, कपाळभर कुंकू, ओटी भरलेली. पायात चप्पल तेवढी नाय. तुम्हाला घ्यायला आल्यात बोलतात. कुठे निघालात का अंकल, दोघं?"